गृहविचार : घरास रंग कोणता द्यावा ?

कोल्हापुराहून आलेलें एका भगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. पत्र चार पानी असून त्यांतील पृच्छा एका ओळीची आहे : दसऱ्यापूर्वीं घरास रंग द्यावयाचा आहे, तर तो कोणता द्यावा ? बाकीचीं पानें घरांतील माणसांविषयीं आहेत. वाडा जुन्या पेठेंतला. खालीं काळ्या दगडाचें जोतें, वर सागवानी खांब, मधें चौक. सासूबाईंचें वय ब्याऐंशी. त्या म्हणतात कीं चुन्यावांचून दुसरें कांहीं भिंतीस लागतां कामा नये. पुण्यास नोकरीस असलेल्या धाकट्या दिरांनीं मोबाइलवरून एका रंगपत्रिकेचें चित्र पाठविलें आहे. त्यांत भिंत गेरूच्या वर्णाची, कोनाड्यांत पितळेची समई, आणि खालीं लिहिलें आहे कीं हा रंग आजोळच्या आठवणी जाग्या करतो. थोरल्या भाऊजींचें म्हणणें असें कीं वाडा विकसकास देण्याचीं बोलणीं चाललीं असतां भिंतींवर पैसा घालणें हा शुद्ध वेडेपणा होय. “आमच्या घरांत तिघांचे तीन रंग झाले आहेत,” असें बाई लिहितात, “आणि कुंचला मात्र माझ्या हातीं आला आहे.”

आमच्या मतें हा प्रश्न रंगाचा नाहींच. जो भिंतीस रंग देतो तो त्या भिंतींत आणखी कांहीं वर्षें राहण्याचा संकल्प करतो. संकल्पावांचून धर्मकृत्य होत नाहीं हें आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हातावर पाणी सोडतांना देश, काल व हेतु यांचा स्पष्ट उच्चार करावा लागतो. परंतु राहणें हेंहि हेतुपूर्वक करावयाचें कृत्य आहे, याचा आपणांस विसर पडतो. आपण राहत नाहीं, राहून जातों. मग भिंतीचे पोपडे पडूं लागले म्हणजे जागे होऊन रंगाऱ्यास बोलावतों.

‘रंग’ व ‘राग’ हे दोन्ही शब्द ‘रञ्ज्’ या एकाच धातूपासून निघालेले आहेत, आणि संस्कृतांत राग म्हणजे रंगहि व प्रेमहि. (मराठींत तो क्रोधाच्या अर्थीं कां रूढ व्हावा, हें घरांतील वडीलधाऱ्या पुरुषांनींच सांगावें.) साहित्यदर्पणकार विश्वनाथ यानें चौदाव्या शतकांत प्रेमाचे प्रकार सांगतांना सरळ रंगाऱ्याच्या रांजणांत हात घातला. त्याच्या मतें पूर्वराग तीन प्रकारचा : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. नीळ फारशी झळकत नाहीं, पण जातहि नाहीं. कुसुंभ म्हणजे आपली करडई. तिच्या फुलाचा रंग डोळ्यांत भरतो आणि उडून जातो. मंजिष्ठेच्या मुळीचा रंग झळकतोहि व टिकतोहि. शाळेंत हा भाग नेमलेला नसे; तरी वर्गांत तो सांगावयास आम्हांस कधीं सायास पडले नाहींत, कारण पहिल्याच धुण्यांत रंग सोडणारें एखादें वस्त्र प्रत्येकाच्या घरीं असेच.

घराचेंहि याच मापानें पाहतां येतें. दुकानांतील रंगपत्रिकेवरून पसंत केलेला रंग बहुधा कुसुंभ असतो. सासूबाईंचा चुना नीलीरागांतला. उरली मंजिष्ठा, ती शोधावयाची तर रंगाऱ्याकडे न जातां घर ज्या द्रव्याचें बांधलें आहे त्या द्रव्याकडे गेलें पाहिजे.

कोल्हापूरचा स्वतःचा रंग विचाराल तर तो काळा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर ज्वालारसाचे थरांवर थर पसरले व थिजले. त्यांचा हा पाषाण. अंबाबाईचें देऊळ त्याचेंच. मेजर चार्ल्स मँट यांनीं आराखडा केलेला व १८८४ सालीं पुरा झालेला नवा राजवाडा त्याचाच, आणि १९३० नंतरच्या दशकांत रंकाळ्याकांठीं उभा राहिलेला शालिनी पॅलेसहि त्याचाच. रंकाळा हीच मुळीं जुनी दगडाची खाण, असें सांगतात. या इमारतींच्या पाषाणास रंग देण्याची गरज पडली नाहीं. आषाढांत हा पाषाण काजळासारखा होतो, चैत्रांत राखेवर येतो, आणि संध्याकाळच्या उन्हांत त्याच्यावर किंचित् निळसर झांक दिसते. वर्षांतून तीन रंग फुकट मिळतात, आणि तरी कित्येक घरमालक या दगडावर तैलरंगाचा पिवळा पट्टा ओढून वर पांढऱ्या रेघांनीं खोटे सांधे काढतात ! खऱ्या दगडावर दगडाचें चित्र काढण्याची ही कला आम्हांस आजवर उमगलेली नाहीं.

मात्र जुन्याचें स्तोत्र गातांना जुनें म्हणजे किती जुनें, हेंहि पाहावें. ज्या लाल कौलांच्या आठवणीनें आपण सद्गदित होतों तीं मंगळुरी कौलें बासेल मिशनच्या कारखान्यांत प्रथम १८६५ सालीं निघालीं. त्यापूर्वीं आपल्याकडे कुंभाराचीं नळीचीं कौलें, किंवा गवत, किंवा मातीचें माळवद. शहाबादी फरशी कलबुर्गीकडून येते. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ सालीं, आणि इतका जड माल लांबून आणणें त्यानंतर सोपें झालें. पांढऱ्या चुन्यांत घालावयाची जी नीळ आपण आजीच्या हातची म्हणून आठवतों ती नीळीच्या झाडाची नसून युरोपांत १८२८ च्या सुमारास शोध लागलेलें एक कृत्रिम द्रव्य आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या आजोबांनीं या सर्व वस्तु नवलाच्या व परक्या म्हणूनच पाहिल्या असतील. त्या टिकल्या त्या जुन्या होत्या म्हणून नव्हे. येथील पावसास व उन्हास उतरल्या, आणि एक कौल फुटलें तर तेवढेंच बदलतां आलें, म्हणून त्या टिकल्या.

हा दुरुस्तीचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो चुन्याच्या बाबतींत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र नाहीं. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिच्यांतील कर्बाम्लवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवला कीं खदखदतो, तापतो, मऊ होतो. मग भिंतीवर बसल्यावर हवेंतून तोच वायु हळूहळू परत घेऊन पुन्हां दगड बनतो. या परतीच्या प्रवासास महिने लागतात, जाड भिंतींत वर्षेंहि लागतात. जुने गवंडी घाणींत बैल फिरवून चुना मळीत व त्यांत गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असलीं द्रव्यें घालीत. अशी भिंत ओल घेते आणि ओल सोडतेहि. पावसाळ्यांत पायांतून चढलेलें पाणी ती मार्गशीर्षापर्यंत हवेंत सोडून मोकळी होते.

सिमेंटाचा स्वभाव निराळा. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें १८२४ सालीं ज्या पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें त्याच्या कुळांतलें हें द्रव्य पाण्याशीं संयोग पावून कांहीं तासांत घट्ट होतें व मग वाकत नाहीं. नव्या बांधणींत तें उत्तम. त्याची निंदा करणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु मातीच्या वा चुन्याच्या जुन्या भिंतीवर त्याचा गिलावा केला, अथवा वर प्लास्टिकच्या जातीचा चकचकीत रंग चढविला, कीं आंतील ओलीची वाट बंद होते. ती बाहेर पडावयास जागा शोधते, भिंतीस लोणा लागतो, रंग फुगतो, आणि दोन पावसाळ्यांत जेथें गेरूची रम्य छटा होती तेथें पापुद्रे लोंबूं लागतात. मग रंगारी म्हणतो, भिंतच जुनी. भिंत बिचारी शंभर वर्षें उभी होती. तिला बाधला तो नवा अंगरखा. धाकट्या दिरांनीं पाठविलेल्या चित्रास आमचा जो विरोध आहे तो एवढ्यापुरताच. त्यांची हौस वाईट नाहीं. परगांवीं राहणाऱ्या मुलास घराची आठवण यावी व ती गेरूच्या रूपानें यावी, यांत आनंदच आहे. फक्त ती छटा डब्यांतून न आणतां मातींतून आणावी.

गेरू व पिवडी या लोहाच्या माती होत. ज्या लोहानें कोंकणचा जांभा तांबडा दिसतो तेंच यांत असतें. उन्हानें तें उडत नाहीं, चुन्याच्या दाहानें जळत नाहीं. गोव्यांत व तळकोंकणांत देवळांच्या भिंतींवर कावेच्या तांबड्या मातीनें वेलबुट्टी काढण्याची जी कला होती ती याच गुणावर उभी. ‘टेराकोटा’ या भारी नांवाचा इटालियन अर्थ भाजलेली माती एवढाच आहे, आणि ‘सेपिया’ म्हणजे माकुळाच्या जातीच्या माशाची शाई. नांवांस भुलूं नये, इतकेंच सांगावयाचें.

तथापि जुने ते सारेच रंग निर्दोष होते, असें कोणीं समजूं नये. पोथींत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावीत, त्यावरून ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार आला. ती सुंदर पिवळी हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचा संयोग होय. स्वीडनच्या शीले यानें १७७५ सालीं काढलेला हिरवा रंगहि सोमलाचाच होता, व पुढें शंभर वर्षें युरोपांतील श्रीमंतांच्या घरांतल्या भिंती त्यानें सजल्या. शेंदुरांत शिसें असतें. आपल्या वाड्यांच्या दारांखिडक्यांवरील हिरव्या व तांबड्या जुन्या तैलरंगांतहि शिसें असण्याचा पुष्कळ संभव आहे, कारण घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागें ९० भागांहून अधिक शिसें नसावें हा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून दारें घासावयाचीं तर पाणी मारून घासावीं, कोरडी धूळ उडूं देऊं नये, आणि घरांत लहान मूल वा गरोदर स्त्री असेल तर त्या दिवसांपुरतें तिनें दुसरीकडे राहावें. हें आम्ही सौंदर्यशास्त्रांत गणीत नाहीं. पण घराच्या रंगाविषयीं लिहावयाचें तर हें वगळून चालणार नाहीं.

आणखी एक गोष्ट लिहितों; ती पुरुष वाचकांस रुचेल कीं नाहीं न कळे. हल्लीं मासिकांतून व सभांतून सारवलेल्या जमिनीच्या गारव्याचें वर्णन फार ऐकूं येतें. सारवण उत्तम खरें; परंतु तें करण्यासाठीं दर आठ दिवसांनीं कोणी तरी पहाटे उठून गुडघ्यांवर बसत असे. ज्यांनीं कधीं सारवलें नाहीं त्यांनाच सारवणाची आठवण इतकी गोड लागते. धुरानें काळें झालेलें स्वयंपाकघर, परसांतल्या विहिरीवरून आणावयाचें पाणी, बाळंतिणीची अंधारी खोली, हेंहि त्याच घरांत होतें. घर टिकवावयाचें म्हणजे हें सर्व टिकवावयाचें असें नव्हे. स्वयंपाकघरास मोठी खिडकी पाडावी, न्हाणीघर व शौचकूप आजच्या सोयीचीं करावीं, सासूबाईंसाठीं जिन्यास दोहों बाजूंनीं कठडा बसवावा. लांकडास जवसाचें उकळलेलें तेल द्यावें, तें वर्षा दोन वर्षांनीं घरच्या मुलांनींहि द्यावें. हें काम पुन्हां एकट्या सुनेच्या वांट्यास जाऊं नये.

आतां टिकाऊपणाविषयीं. टिकाऊ द्रव्य म्हणजे अभय नव्हे. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचें मातीचें ओझें यांनींच हजारों निजलेल्या माणसांचा प्राण घेतला. तेथें दगड टिकला, घर टिकलें नाहीं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा कोल्हापुरांतहि जाणवला होता, हें विसरूं नये. भिंतीचे दोन्ही पदर एकत्र बांधणारे लांब दगड आहेत कीं नाहींत, पोट सुटलें आहे काय, हें जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावें आणि मगच रंगाचा विचार करावा.

आणि लांकूड जळतें. १९४८ च्या आरंभीं गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांच्या घरांस ज्या आगी लावल्या गेल्या त्यांच्या कथा आमच्या अनेक वाचकांच्या घरांत अद्यापि हलक्या आवाजांत सांगितल्या जातात. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओहि त्याच आगींत गेला. कित्येक कुटुंबें गांव सोडून गेलीं. कित्येक राहिलीं, आणि त्यांनीं त्याच जागीं पुन्हां भिंती उभ्या केल्या. भालजींनींहि स्टुडिओ पुन्हां उभा केला. पुढें ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर, म्हणजे आजचें केशवराव भोसले नाट्यगृह, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. तेव्हां सारें गांव रस्त्यावर उतरून हळहळलें, आणि नाट्यगृह होतें तसेंच पुन्हां बांधावें ही मागणी त्याच आठवड्यांत उठली. त्या आगीचा शोक करतांना कोणीं जात विचारली नाहीं, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

पुराची गोष्ट याहून अलीकडची व घरोघरची. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी ओसरल्यावर खालच्या वस्त्यांतून जे ढीग रस्त्यावर आले त्यांत फुगून उकललेल्या भुशाच्या फळ्यांचीं कपाटें व पलंग किती होते ! सागवानी पाट व पेट्या मात्र लोकांनीं धुऊन उन्हांत ठेवल्या होत्या. भुशाच्या कपाटास लागलेला ‘जुन्या सागाचा’ रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत होता; आंतील कपाट तेवढें नाहींसें झालें होतें. कच्च्या मातीच्या भिंती त्या पुरांत बसल्या, हेंहि खरें. त्या कोसळल्या तीं बहुतेक घरें गरिबांचीं होतीं, आणि त्यांच्यापुढें रंग कोणता हा प्रश्न नव्हता.

राहिलें थोरल्या भाऊजींचें म्हणणें. त्यांस आम्ही खलनायक ठरवीत नाहीं. पांच बिऱ्हाडांचा वाडा, दुरुस्तीचा खर्च एकाच्या अंगावर, हिस्से सर्वांचे, मुलें परगांवीं, रात्रीं कौलें गळूं लागलीं म्हणजे शिडी धरावयास माणूस नाहीं. अशा स्थितींत विकण्याचा विचार येणें हा अधर्म नव्हे. अधर्म आहे तो न ठरवितां घर पडूं देण्यांत. दोन भाऊ एकमेकांचें तोंड न पाहतां दहा वर्षें काढतात, तोंवर तुळईचीं टोकें कुजतात, आणि मग पाऊसच वांटणी करून देतो. अशी घरें आम्ही एकट्या शिवाजी पेठेंत व मंगळवार पेठेंत पुष्कळ पाहिलीं आहेत. विकावयाचें ठरलें तर सर्वांनीं एकत्र बसून, सासूबाईंच्या देखत व त्यांच्या संमतीनें ठरवावें, आणि जावांसहि त्या बैठकींत बोलूं द्यावें. पत्र लिहिणाऱ्या बाईंना आजवर कोणीं विचारलेलें दिसत नाहीं. वाड्याचे कोरीव खांब व दारें जुना बाजार करणारा अर्ध्या किंमतींत उचलतो व तींच मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत शोभेस उभीं राहतात. मग तोच घरमालक आपल्या नव्या सदनिकेंत लांकडाच्या चित्राचा कागद भिंतीस चिकटवतो. निदान देवघराची चौकट व दोन खांब तरी बरोबर न्यावे, एवढी आमची विनंती आहे.

परंतु निर्णय व्हावयाचा तेव्हां होवो. तोंवर घरांत माणसें राहत आहेत, आणि चुन्याचा एक हात कोणत्याहि विकसकाच्या हिशेबांत बसत नाहीं इतका स्वस्त आहे. म्हणून या दसऱ्यास बाईंनीं पुढीलप्रमाणें करावें.

भिंतीवर आधींचा तैलरंग वा डिस्टेंपर असेल तर चुना धरणार नाहीं. तो ओला करून खरवडून काढावा. पाऊस उघडल्यावर निदान पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवून भिंत सुकूं द्यावी. कळीचा चुना पिंपांत विरवून झांकून ठेवावा, जितका मुरेल तितका चांगला. विरवतांना मुलांस जवळ येऊं देऊं नये व डोळे संभाळावे. मग तो फडक्यांतून गाळून त्यांत थोडा डिंक भिजवून घालावा. भिंतीवर पाणी शिंपडून पातळ हात द्यावा, दुसरे दिवशीं दुसरा, तिसरे दिवशीं तिसरा. माजघर पांढरेंच असूं द्यावें, तेथें उजेड कमी असतो. सोप्यास पुण्याच्या भाऊजींची हौस पुरवावी : चुन्यांत गेरू किंवा पिवडी घालावी, मात्र चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको, नाहीं तर पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्यास रंग लागेल. ओला असतां हा रंग फार गडद दिसतो व वाळल्यावर पुष्कळ फिका पडतो; तेव्हां प्रथम दाराआडच्या कोपऱ्यांत हातभर जागा रंगवून आठ दिवस थांबावें, ती सासूबाईंना एकदां सकाळीं व एकदां दिवेलागणीस दाखवावी, आणि मग बाकीची माती कालवावी.